कॅसिनोतून ट्रिपचा खर्च निघतो का हो, ताई?

यावेळच्या टपालात गोवा, गोवा आणि गोवा. डिसेंबर जवळ आला की हे होतंच. एक पत्र जरा सविस्तर घेतेय, बाकीची थोडक्यात.

प्रश्न: ताई, आम्ही मुलुंडला राहतो, हे बँकेत आहेत, मी शाळेत ऑफिसला. लग्नाला पंधरा वर्षं होतायत आणि मुलगा आजीकडे दोन रात्री राहायला तयार झालाय, म्हणजे हा चान्स परत मिळणार नाही. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने डोक्यात भरवलंय की पणजीला कॅसिनोवाल्या रिसॉर्टमध्ये राहायचं, संध्याकाळी खेळायचं आणि जिंकलं की अख्ख्या ट्रिपचा खर्च तिथेच निघतो. तो म्हणे मागच्या वेळी चाळीस हजार घेऊन आला. मला जायचंय, खोटं कशाला बोलू, ते सगळं झगमगाट बघायची हौस मलाही आहे, पण पोटात गोळा येतो. किती पैसे न्यावेत? आणि सासूबाईंना काय सांगू, त्यांच्या लेखी कॅसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा.

उत्तर: आधी सासूबाईंचं, कारण त्यांचं बरोबर आहे. जुगारच आहे तो, फक्त लायसन्सवाला आणि एसीतला. त्यामुळे "नाही हो आई, हा तसला नसतो" वगैरे समजावत बसू नका. मंगेशीला जाणार आहोत म्हणून सांगा आणि खरोखर जा, पणजीहून फोंड्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर तर आहे, आणि एक संध्याकाळ कॅसिनोही बघणार आहोत हेही सांगून मोकळ्या व्हा. लपवलंत तर कोणाच्या तरी स्टेटसवरून त्यांना कळणारच आणि मग वर्षभर ऐकाल.

आता ते ऑफिसातले महाशय. चाळीस हजार आणले असतील, मी खोटं म्हणत नाही. पण त्याच्या आधीच्या खेपेला किती ठेवून आले ते कधी डबा खाताना सांगितलंय का? जिंकलेला माणूस सगळ्या ऑफिसला सांगतो, हरलेला गुपचूप लोकल पकडून घरी जातो, म्हणून आपल्या कानावर सगळे किस्से जिंकलेल्यांचेच येतात.

खर्च निघतो का ते कागद-पेन घेऊन बघूया. रुलेट घ्या, ते फिरणारं चक्र. साध्या चक्रात 1 ते 36 आकडे आणि एक शून्य, असे 37 खाने. एका आकड्यावर 100 रुपये लावले आणि तोच आला तर 3500 मिळतात, वर आपले 100 परत. आता समजा एखाद्या शहाण्याने ठरवलं की आपण हरायचंच नाही आणि सगळ्या 37 खान्यांवर शंभर-शंभर लावून टाकले, तर गेले 3700 आणि कुठलाही आकडा येवो, परत आले 3600. शंभर रुपये कॅसिनोचे, नशीब-बिशीब काही मध्ये आलंच नाही. काही चक्रांवर शून्याच्या जोडीला दुसरं, डबल शून्य असतं, तिथे 3800 लावून 3600च परत, म्हणजे भुर्दंड जवळपास दुप्पट. त्यामुळे खुर्ची ओढायच्या आधी शून्यं मोजायची. बॅकरा म्हणून पत्त्यांचा एक खेळ असतो, त्यात बँकर नाहीतर प्लेअर या बाजूला लावलं तर कॅसिनोचा वाटा सरासरी एक टक्क्याच्या आसपास असतो, पण 'टाय'वर, म्हणजे दोन्ही बाजूंची बरोबरी होईल यावर, लावलं की तो चौदा टक्क्यांवर जातो, आणि टायला आठपट मिळतात म्हटल्यावर नवखी मंडळी नेमकी तिथेच चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या त्या चकत्या, टाकतात.

पण हे सगळं टेबलावर पोचल्यानंतरचं. खरा फटका त्याआधी, काउंटरवरच बसतो, आणि तो ऑफिसातले महाशय सांगत नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवर 40 टक्के जीएसटी आहे, त्याआधी 28 होता, आणि तो तुम्ही जिंकलेल्या पैशावर नाही तर चिप्स विकत घेता त्या रकमेवर लागतो. म्हणजे जिथे टॅक्स वरून लावतात तिथे 10,000च्या चिप्सना 14,000 मोजायचे. समजा तुम्हाला लगेच पश्चात्ताप झाला आणि एकही डाव न खेळता चिप्स परत केल्या, तर हातात 10,000. चार हजार गेले, चक्र हललंसुद्धा नाही! ते भरून निघायला 10,000च्या चिप्सचे 14,000 करायला लागतात, तेव्हा कुठे तुम्ही होतात तिथे परत येता, ट्रिपचा खर्च अजून लांबच राहिला. वर एका वेळी 10,000च्या पुढे जिंकलं की 30 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात देण्याआधीच कापलेला इन्कम टॅक्स. तुमचे मिस्टर बँकेत आहेत ना, मग त्यांना हा परिच्छेद चहा पिताना मोठ्याने वाचून दाखवा, बाकी मला काही बोलायची गरज नाही. तिथे गेल्यावर एकच प्रश्न विचारायचा, दहा हजार दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स मिळणार?

मग किती न्यावेत? माझं म्हणाल तर शिवाजी मंदिरला नाटकाचं तिकीट काढतो तसे हे पैसे धरा, ते परत मिळतील म्हणून कोणी तिकीट काढत नाही. आकडा मुलुंडलाच, घरी, दोघांनी बसून ठरवायचा. मुलाची फी, ईएमआय, सासूबाईंची औषधं सगळं बाजूला काढून जी रक्कम गेली तरी पुढे भांडणात तिचा उल्लेख होणार नाही ती रक्कम. कॅशमध्ये, दोन पाकिटांत, निम्मी तुमची निम्मी त्यांची. कार्डं हॉटेलच्या लॉकरमध्ये, कारण आत पुन्हा चिप्स घेणं फार सोपं असतं, आणि पॅकेजमध्ये ड्रिंक्स फुकट असली की दोन पेगनंतर सगळ्यांनाच वाटतं की आता पुढचा डाव आपला. त्यांचं पाकीट संपलं तर तुमच्या पाकिटाला हात लावायचा नाही, हेही आत्ताच ठरवा. मग ते तुमच्या खुर्चीमागे उभं राहून सल्ले देतील, त्याची मात्र तयारी ठेवा.

रिसॉर्टचं बुकिंग करायच्या आधी थांबा जरा. गोव्याच्या कायद्यात पंचतारांकित हॉटेलांना परवानगी आहे ती मशीनवरच्या खेळांची, आणि पत्ते वाटणारा डीलर, खरं रुलेटचं टेबल वगैरे जे लाइव्ह म्हणतात ते बोटींसाठी, म्हणून तर मांडवीत त्या सगळ्या बोटी उभ्या आहेत. तुम्हाला झगमगाट आणि टेबलं बघायचीयत, तर कॅसिनोच्या नावाखाली महागडी खोली घेण्यापेक्षा पणजीत एखादं बरं हॉटेल घ्या आणि एक संध्याकाळ बोटीवर जा. जेटीवरून छोट्या बोटीने नेतात. एन्ट्रीचं पॅकेज माणशी असतं, वीकएंडला महाग, त्यात साधारण बुफे, ड्रिंक्स, स्टेजवर नाच-गाणी आणि थोड्या चिप्स येतात, पण या चिप्स बहुतेक ठिकाणी खेळण्यापुरत्याच, त्या परत देऊन पैसे मागता येत नाहीत. ओळखपत्र लागतं, 21 पूर्ण नसेल तर खेळाच्या जागेत सोडत नाहीत, आणि ह्यांना सांगा की बर्म्युडा आणि चपला बीचवर, कॅसिनोत नाही. खेळायचं नसेल तरी अंदर-बाहरच्या टेबलाजवळ उभ्या राहा थोडा वेळ, आपल्याकडे दिवाळीत सतरंजीवर चालतो तो खेळ, इथे सुटाबुटातला माणूस गंभीर चेहऱ्याने पत्ते टाकत असतो, मला तर त्याचंच हसू येतं.

जायला रात्रीची कोकणकन्या बरी, सकाळी करमळीला उतरलात की पणजी जवळच. वंदे भारत करमळीला थांबत नाही, थिवीला उतरावं लागेल. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा, डिसेंबरात नंतर काही मिळत नाही. आणि दुसरी संध्याकाळ कॅसिनोला देऊ नका, कालचे गेलेले परत आणायला म्हणून तर मुळीच नको. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, फोंतेन्हासच्या गल्ल्यांत फिरा, कुठेतरी माशांची थाळी जेवा. पंधरा वर्षांनी दोघंच निघालाय, बोलायलाही काहीतरी वेळ ठेवा की.

प्रश्न: माझा मावसभाऊ म्हापशाला असतो, आम्ही दोघं आणि तो असे कॅसिनोत जाऊ शकतो का? (लोअर परळ)

उत्तर: तुम्ही दोघं जा, भावाला घरी ठेवा. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या लोकांना तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आपल्या लोकांना बंदी आणि मुंबई-पुणेकरांना या बसा, यातलं काय ते तुम्ही समजून घ्या. रात्री घ्यायला येईल तो गाडी घेऊन, तेवढं काम त्याला द्या.

प्रश्न: ताई, एवढ्या लांब कशाला, मुंबईजवळ कुठे कॅसिनो रिसॉर्ट नाही का? दमणला आहे असं ऐकलं. (बोरिवली, नवीन लग्न)

उत्तर: महाराष्ट्रात नाही. गंमत म्हणजे कॅसिनोचा कायदा आपल्याकडे 1976 मध्ये झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्दच करून टाकला. दमणला कॅसिनोच्या आशेवर मोठं हॉटेल उभं राहिलं खरं, कॅसिनोची परवानगी काही मिळाली नाही, हॉटेल म्हणून जायचं तर जा. गोव्याशिवाय सिक्कीममध्ये गंगटोकला आहेत, पण मग ते "जवळ" राहिलं नाही. लोणावळा-कर्जतच्या बंगल्यांवर "कॅसिनो नाइट" म्हणून जे मेसेज फिरतात ना, तिथे खरे पैसे लागत असतील तर तो 1887च्या जुगारबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हनिमूनच्या आठवणीत पोलीस स्टेशन कशाला? आणि मोबाइलवर घरबसल्या खेळू म्हणाल तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आली.

प्रश्न: गोव्यात साठ हजार जिंकलो, त्यांनी टीडीएस कापला. बायको म्हणते आता रिटर्नमध्ये दाखवायला नको. (चेंबूर)

उत्तर: दाखवायचे. तुमच्या पॅनवर ते आधीच दिसतायत. जिंकलेल्या पैशावर सरसकट 30 टक्के आणि वर सेस, त्याला साधी करमुक्त मर्यादाही लागू होत नाही. आणि त्याच रात्री दुसऱ्या टेबलावर जे हरलात ते यातून वजा करता येत नाही, हे बायकोला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न: लग्नानंतर आम्ही हौसेने गेलो होतो कॅसिनोला, मजा आली. आता नवरा "ऑफिसची ट्रिप" सांगून एकटाच जातो. परवा बँकेचं पत्र आलं तेव्हा पर्सनल लोन कळलं. विचारलं तर म्हणतो एकदा जिंकलो की सगळं फेडतो. माझे दागिने देऊ का? (अंधेरी)

उत्तर: नाही. दागिने द्यायचे नाहीत. "एकदा जिंकलो की" हे ऐकल्यावर माझं बाकी सगळं वाचायचं थांबलं, कारण वर मुलुंडच्या बाईंना हिशोब सांगितलाय तोच तुमच्या नवऱ्यालाही लागू आहे, आणि ते हे गणित येत नाही म्हणून जात नाहीयेत. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून डॉक्टर मानतात आणि त्यावर उपचार आहेत. ते तयार नसतील तरी तुम्ही एकट्या बोलू शकता, टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, केईएम, नायर, सायन या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे. भांडण रात्री नको, सुट्टीच्या सकाळी त्यांना समोर बसवून सिबिल रिपोर्ट काढायला सांगा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, म्हणजे कर्ज एकच आहे की आणखी कुठे कुठे आहे ते तुम्हाला दिसेल. हप्ते भरायचेच झाले तर पैसे त्यांच्या हातात देऊ नका, थेट बँकेत भरा. तुमचा पगार वेगळ्या खात्यात घ्या, त्याचा पिन बदला. नवीन लोनला सहअर्जदार किंवा गॅरंटर म्हणून सही मागितली तर करू नका, आणि सासर-माहेरचं एक तरी माणूस, ज्याचं ते ऐकतात असं, या आठवड्यातच विश्वासात घ्या.