रोमनेस्क या मध्ययुगीन युरोपीय स्थापत्यशैलीतील खेड्याचे चर्च कसे असते?

स्पेनमधील कॅटलोनियाच्या बोई खोऱ्यातील ताउल गावचे सांत क्लिमेंत हे माझ्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १० डिसेंबर ११२३ रोजी त्याचे पवित्रीकरण झाल्याचा लेख आतील एका खांबावर रंगवलेला होता. जाड दगडी भिंती, गोल खांबांनी विभागलेली तीन दालने, वर लाकडी छप्पर, टोकाला तीन अर्धवर्तुळाकार गर्भगृहे (आपल्या देवळांचा शब्द उसना घेतला आहे) आणि शेजारी अर्धगोल कमानींच्या खिडक्यांचे उंच, चौकोनी घंटाघर, एवढाच सारा पसारा. मुख्य गर्भगृहातील ख्रिस्ताचे गाजलेले भित्तिचित्र मात्र परदेशी विकले जाऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कापड चिकटवून रंगाचा थर अलगद सोलून, बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेण्यात आले.