मशीनच्या आधी जागा

छोटा उत्पादन उद्योग सुरू करताना मशीनचं कोटेशन हातात आलं म्हणून लगेच ॲडव्हान्स देऊ नका. आधी जागा पक्की करा. ती औद्योगिक झोनमध्ये आहे का, थ्री-फेज वीज किती लोडपर्यंत मंजूर आहे, हे भाडेकराराआधी कागदावर बघा. मालकाच्या तोंडी शब्दावर अजिबात राहू नका, कारण पुढचा प्रत्येक परवाना याच पत्त्यावर निघणार आहे.

मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत तुमचा उद्योग प्रदूषणानुसार कोणत्या रंगाच्या वर्गात येतो ते शोधा. लाल, नारिंगी किंवा हिरवा असेल तर उभारणीआधी एक संमती लागते आणि उत्पादन सुरू करण्याआधी दुसरी. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना वेगळा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पण ती म्हणजे उत्पादनाचा परवाना नव्हे.