जॉबर थेट शेठकडे जातो, मग सेमिनारला मी का जाऊ?

प्रश्न : ताई नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी प्रॉडक्शन बघते, वय 39, नोकरीला 14 वर्षं झाली, दिवाळीपासून इनचार्ज आहे. हाताखाली 40 माणसं, बायका फक्त शिलाई-पॅकिंगला, लूमवर सगळे गडीमाणसं. त्यातला एक जुना जॉबर (लूम लावणारा, दुरुस्त करणारा मिस्त्री) मला न विचारता थेट शेठकडे जातो आणि मग शेठ मला केबिनमध्ये बोलावून सांगतात की मॅडम अमुक लूमचा बीम (ताण्याच्या सुताचा रोल) बदलायचं ठरलंय. मी "बरं" म्हणून बाहेर येते, आणि रात्री भांडी घासताना सगळी उत्तरं सुचतात. आता मला पुण्याला बायकांच्या लीडरशिप सेमिनारला पाठवायलेत, म्हणे लेक्चर कमी, स्वतःच्या कामावर विचार जास्त. जाऊबाई म्हणाल्या, विचार करायला पुण्याला कशाला, कंबर तलावावर जाऊन बस की! जाऊ का नको?

उत्तर : जाऊबाई अर्ध्या बरोबर आहेत. पण तलावावर एकटीच बसणार ना तुम्ही, आणि एकटीनं विचार तर तुम्ही रोज भांड्यांसमोर करताच की, तो तिथल्या तिथंच फिरतो. समोर कुणीतरी उलट विचारणारं लागतं, नसता आपण आपल्यालाच तीच कॅसेट ऐकवत बसतो.

हे खूळ नवीन नाही बरं का. इंग्लंडात रेग रेव्हन्स नावाच्या माणसानं 1940च्या दशकात कोळसा खाणींच्या मॅनेजरांना असंच एकत्र बसवलं होतं, एकानं आपली अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी सल्ला न देता प्रश्न विचारायचे. सोपं वाटतंय ना? मी बँकेत होते तेव्हा अशा एका बैठकीला गेले होते, नऊजणी गोल करून बसलेलो, नियम हा की जी सल्ला देईल तिनं स्टीलच्या डब्यात दहा रुपये टाकायचे. "अगं मी तुला सांगते," एवढं कुणी म्हटलं की डबा पुढं! दुपारपर्यंत 140 रुपये जमले, त्यातले तीस माझे, सगळ्यांचा चहा त्यातनंच झाला. बायकांना सल्ला गिळायला किती जड जातं ते तेव्हा कळलं मला.

त्यात एक सिस्टर होत्या, वॉर्डच्या इनचार्ज. म्हणाल्या माझ्या स्टाफमधल्या मुली ऐकतच नाहीत. कुणीतरी विचारलं, शेवटचं कधी ऐकलं नव्हतं, नेमकं काय बोललात? सिस्टर गप्प. मग म्हणाल्या, बोलले नाही, मीच केलं ते काम. तीन वर्षं त्या दुसऱ्यांचे बेडचार्ट स्वतः भरत होत्या! हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्या भांडल्या असत्या, विचारलं म्हणून त्यांच्याच तोंडून आलं.

दुसरी गोष्ट, त्या "बरं"मागं मला एक शंका दिसते, की आपल्याला हे पद चुकून मिळालंय, एक दिवस सगळ्यांना कळेल. बरोबर का? 1978 साली अमेरिकेत पॉलिन क्लान्स आणि सुझान आईम्स या दोघींनी नेमकं हेच लिहून ठेवलंय, दीडशेहून जास्त कर्तबगार बायकांबरोबर काम करून. डिग्र्या, मानसन्मान सगळं असून त्या बायकांना वाटायचं आपण लोकांना फसवलंय. आणि त्यांनी म्हटलं होतं की अशा बायकांना एकत्र बसवणं फार उपयोगी पडतं, कारण दुसरी हुशार बाई तेच बोलताना ऐकलं की आपल्यावरचा संशय ढिला होतो. एकटीनं तलावावर बसून हे कसं होणार?

आता माझा राग. तुमच्या कारखान्यात खरी अडचण शेठच्या केबिनचं दार आहे, जॉबर आत जातो कारण आत घेतात! ते दार तसंच ठेवून मॅडमला मात्र सेमिनारला पाठवायचं, हे सोयीचं पडतं मालकांना. म्हणून जा, पण तिथं "माझा आत्मविश्वास कमी आहे" असलं गोलगोल सांगू नका, तो बीमचाच प्रसंग सांगा, कोणता वार, शेठ काय म्हणाले, तुम्ही कुठं उभ्या होता. आणि येताना शेठला बोलायचं एकच वाक्य ठरवून या. "त्याला माझ्याकडे पाठवा, मी बघून तुम्हाला सांगते", असं काहीतरी, तुमच्या तोंडात बसेल ते. ट्रेनमध्ये दोन-चारदा पुटपुटून बघा, शेजारचा बघेना का.

जायच्या आधी कार्यक्रमपत्रिका मात्र मागवा. दीपप्रज्वलन, सत्कार, पीपीटी, पुन्हा सत्कार, फोटो असलं असेल आणि तुम्हाला बोलायला दहा मिनिटंही नसतील तर नाही म्हणा, त्यापेक्षा रविवारी झोप काढा.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात मुख्याध्यापिका आहे. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, आम्ही पाचजणी आहोत, आम्हाला असल्या सेमिनारला कोण पाठवणार?
– एक शिक्षिका

उत्तर : कुणी नाही पाठवणार, वाट बघू नका. महिन्याची शिक्षण परिषद झाली की चहाला थांबताच ना, तिथंच पाऊण तास धरा. दर महिन्याला एकीचाच प्रसंग घ्यायचा, बाकी चौघींनी फक्त विचारायचं. पोर्टल, पोषण आहार, केंद्रप्रमुखांच्या तक्रारी त्या पाऊण तासात बंद, तो विषय निघाला की संपलंच सगळं. दहा रुपये जास्त वाटले तर पाच ठेवा.