कातरलेल्या कडेचं नाणं

प्रश्न: मावसभावाने जेरुसलेमहून ब्राँझचं बारकंसं नाणं आणलंय, एका बाजूला जहाजाचा नांगर, दुसरीकडे चाकासारखं काहीतरी, कड कातरलेली. डुप्लिकेट आहे का हो?

उत्तर: अहो, कातरलेली कड बघून घाबरू नका! वर्णनावरून हस्मोनी या ज्यू राजघराण्यातल्या अलेक्झांडर यानाईसचं (राज्यकाळ इ.स.पू. १०४–७६) प्रुता, म्हणजे ब्राँझचं छोटं नाणं, वाटतंय, तेव्हा दगडी साच्यात माळेसारख्या जोडलेल्या चकत्या ओतायचे, ठसा मारायचे नि मग तोडायचे, म्हणून ती कड. ते चाक म्हणजे आठ किरणांचा तारा, किरणांमधे हिब्रू अक्षरं, नांगराभोवती ग्रीक; एवढ्याशा पैशावर दोन भाषा, मला तर हेच भारी वाटतं. नांगर मात्र सेल्युसिड या ग्रीक राजघराण्याकडून उचललेला. भावाने निर्यात परवाना घेतलाय ना, ते विचारा आधी. आणि प्लीज, चिंच लावून घासू नका! हिरवी भुकटी सुटत असेल तर सिलिका जेल घालून कोरड्या डबीत वेगळं ठेवा.