वाचकांचे प्रश्न: रेशमी स्कार्फ, घडी आणि गाठ

प्रश्न: ऑफिसात मी साधा शर्ट आणि ट्राउझर्स घालते. नेटका, कमी भपक्याचा पेहराव आवडतो. पण ९० सेंमीचा चौकोनी स्कार्फ कॉलरमध्ये बांधला की मानेमागे बोचकं होतं. काय चुकतं? (बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर: बांधण्यात फार चूक नाही, मापच मोठं आहे. ९० सेंमीच्या चौकोनाचा कर्ण १२७ सेंमी. समोरासमोरची दोन टोकं मध्यावर आणून दुमडत दुमडत ८ सेंमीची पट्टी केली, की मधोमध सोळा थर बसतात आणि टोकांकडे एकदोनच. ते सोळा थर नेमके मानेमागे, कॉलरखाली जातात आणि कॉलर उचलली जाते. याला ५५ सेंमीचा स्कार्फ घ्या. त्याचा कर्ण ७८ सेंमी. मानेभोवती एक वेढा, बाजूला छोटी निरगाठ आणि बोटभर टोकं एवढंच उरतं. एकरंगी किंवा बारीक ठिपक्यांचा असेल तर उत्तम. कॉलरजवळ मोठी फुलं आली की नेटकेपणा जातो.

९० चाच वापरायचा असेल तर पट्टी करू नका. एकदाच त्रिकोणी दुमडा, टोक पुढे ठेवा, दोन्ही शेव (बाजूची टोकं) मागे फिरवून पुढे आणा आणि त्रिकोणाखाली गाठ मारा. वरची दोन बटणं उघडी ठेवून सगळं शर्टाच्या आत सारा. समोर फक्त दोन थर दिसतात.

प्रश्न: पन्नासच्या दशकातल्या नट्यांसारखा डोक्यावरून स्कार्फ बांधायचा आहे, गॉगलसकट. पाच मिनिटांत मागे घसरतो. (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: आधी कापड बघा. सॅटिन केसांवर टिकत नाही. ट्विल (जवळून पाहिलं तर तिरक्या रेघा दिसतात) किंवा क्रेप (बारीक सुरकुत्यांसारखा पोत असलेलं) टिकतं. नुकत्याच धुतलेल्या, कंडिशनर लावलेल्या केसांवर तेही घसरतं. आत मखमली हेअरबँड घाला, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

मग बांधणी. ९० सेंमीचा त्रिकोण करताना कर्णाची बाजू आणखी ४-५ सेंमी आत दुमडा. कपाळावर येणारी ही जाड कड केसांना धरून राहते. कड कपाळाच्या रेषेवर नव्हे, दोन बोटं मागे ठेवा, म्हणजे पुढचे केस दिसतात आणि तो काळ लगेच डोळ्यांसमोर येतो. शेव हनुवटीखाली फक्त एकमेकांवरून न्या, गाठ तिथे नको. त्या मानेमागे, त्रिकोणाच्या टोकावरून नेऊन बांधा. हॉलिवूडची नटी ग्रेस केली हिच्या नावाने ओळखली जाते ती पद्धत हीच.

गाठ उजवी शेव डावीवरून, मग डावी उजवीवरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने घातलीत तर शेव आडव्या न बसता वर-खाली उभ्या राहतात आणि रेशमात ती गाठ सुटतेच. ऐंशी टक्के तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

दुचाकीवर मात्र हे बांधून जाऊ नका. हेल्मेटखाली रेशीम सरकतं आणि हेल्मेटही सरकतं. उघड्या गाडीत बसलात तर शेव कोटाच्या आत खोचाच. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ साली नीस शहरात गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकूनच गेली.

प्रश्न: आईची जुनी रेशमी साडी आहे. तिचे बोहो (सैल, कलंदर धाटणीच्या) पद्धतीचे स्कार्फ करता येतील का? काठ जरीचे आहेत. (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर: येतील, पण कात्री लावण्याआधी कापड तपासा. जुनं रेशीम घडीवर विरतं. घडीची रेघ उजेडासमोर धरा आणि दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी हलकेच ताणा. बारीक चिरा दिसल्या तर ते कापड गाठीचा ताण सोसणार नाही. साडी तशीच जपून ठेवा.

भाग निवडताना पदराचा खांद्यावरचा पट्टा टाळा, तिथे पिनांची भोकं असतात. निऱ्यांचा खालचा भागही घासलेला असतो. पहिल्या वेढ्याचा आतला भाग, कमरेत खोचलेली वरची कड सोडून, बहुधा सर्वांत धड असतो. ९० सेंमीच्या स्कार्फसाठी ९३ सेंमीचा चौकोन कापा. खडूच्या रेघेवर विसंबू नका: कडेचा एक धागा हळूच ओढून काढा आणि त्याच्या मोकळ्या वाटेवर कात्री चालवा. तिरका कापलेला चौकोन त्रिकोण केल्यावर कधीच जुळत नाही. कड बोटाच्या चिमटीत गुंडाळत बारीक सुईने, रेशमी धाग्याने, ३-४ मिलिमीटरवर टाके घाला. मशीनची टीप मारली तर कड ताठ होते आणि गळ्यात कोपरे बाहेर फेकले जातात. चारही बाजू मिळून साडेतीन मीटरच्या वर शिलाई आहे, एका बैठकीत संपवायची घाई करू नका.

जरीचा काठ स्कार्फमध्ये घेऊ नका. गाठीत जर मोडते, टोचते आणि शेजारच्या रेशमाचे धागे ओढते. पैठणी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कापूच नका.

बोहोसाठी सैलपणा हवा. त्रिकोण छातीवर एका बाजूला उतरता सोडा, गाठ खांद्याच्या मागे घ्या. ऑक्सिडाइज्ड दागिने घालाल तर कडा गुळगुळीत असलेलेच निवडा. विकतच घ्यायचा असेल तर भंडाऱ्याकडचं टसर (जंगली रेशीम) या पेहरावाला शोभतं: मळकट सोनेरी झाक, थोडा खरखरीत पोत, त्यामुळे गाठही धरते. पण छोट्या घट्ट गाठीसाठी ते जाड पडतं.

प्रश्न: जीन्सवर पट्ट्याऐवजी बांधला तर गाठीला कापडच उरत नाही. (वाचक, ठाणे)

उत्तर: ९० सेंमीच्या स्कार्फच्या कर्णातून, म्हणजे १२७ सेंमीतून, कंबर वजा करा. कंबर ७५ असेल तर दोन्हीकडे २६-२६ सेंमी राहतात, गाठ आरामात बसते. ९५ असेल तर १६ च उरतात. मग सगळीकडून फिरवू नका. पट्टी फक्त पुढच्या लूपांतून ओवा आणि बाजूच्या लूपवर गाठ मारा.

प्रश्न: ऑनलाइन घेताना ‘मॉमी’ म्हणून आकडा असतो, तो कशाचा? (वाचक, पुणे)

उत्तर: वजनाचा. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३ ग्रॅम. ९० सेंमीचा स्कार्फ घरच्या काट्यावर ६० ग्रॅमच्या आसपास भरला तर तो १८ मॉमीच्या जवळचा. गाठ भरदार उठते, क्लासिक पेहरावाला हाच घ्यावा. ३० ग्रॅमच्या खालचा स्कार्फ तलम असतो, वाऱ्यावर सुंदर दिसतो, पण त्याची गाठ चिमटते आणि खुलत नाही.

प्रश्न: अत्तराचा डाग पडला, पाणी लावून पुसला तर कडं उमटलं. (वाचक, बेळगाव)

उत्तर: रेशमावर पाणी एकाच जागी लावलं की कडं उमटतं. आधी आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का बघा. सुटत नसेल तर अख्खा स्कार्फ थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात बुडवा, चोळू नका, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि दमट असतानाच उलट बाजूने मंद इस्त्री करा. कडांवर इस्त्री फिरवू नका, हाताने गुंडाळलेली कड एकदा चपटी झाली की फुगत नाही. आणि अत्तर स्कार्फ बांधण्याच्या दहा मिनिटं आधी लावा.