डॉल्फिनच्या नोंदींमधले जमिनीवर पडलेले बिंदू काढून टाकले, आता हा डेटा प्राणी कुठे कुठे आढळतो त्याच्या नकाशासाठी चालेल का?

नाही चालणार. आणि काढून टाकलेल्या नोंदींची फाइल अजून असेल तर ती आधी परत आणा.

ओबिस या सागरी जीवांच्या नोंदींच्या खुल्या संग्रहावरून हम्पबॅक डॉल्फिनच्या नोंदी उतरवल्या, 'ऑन लँड' अशी खूण असलेल्या गाळल्या, बाकीचं सगळं पाण्यात आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या प्रकल्पात अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहायला बसले.

जहाजांवरच्या जुन्या निरीक्षणवह्या संगणकात भरायचं काम होतं आणि मी त्यात नवी होते. माझ्या आधी कुणीतरी बऱ्याच नोंदी भरून ठेवल्या होत्या. नकाशावर टाकल्या तर काही डॉल्फिन चक्क डोंगरात. प्रकल्पप्रमुखांनी त्या उडवायला सांगितल्या, मी उडवल्या. पण उरलेल्या नकाशाने मला चैन पडेना. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारा हा प्राणी, आणि आमचे कळपच्या कळप खोल समुद्रात. एका संध्याकाळी अक्षांश-रेखांशांचे फक्त दशांश क्रमाने लावून पाहिले. .07, .22, .31, .58. एकाही नोंदीत .59 च्या पुढे काही नाही. बरोबर भरलेल्या आणि दूरवर पसरलेल्या नोंदींमध्ये साधारण 40 टक्के आकडे .60 किंवा त्यावर यायला हवेत.

वह्या काढल्या. वहीत 18 अंश 45 मिनिटे, संगणकात 18.45. एका अंशात 60 मिनिटे, म्हणून हवं होतं 18.75. अक्षांशात एवढ्या चुकीने बिंदू 18 सागरी मैल, म्हणजे सुमारे 33 किलोमीटर सरकतो. डोंगरातले आणि खोल पाण्यातले, दोन्ही एकाच चुकीने हललेले. डोंगरातले निदान ओरडून सांगत होते, त्यांनाच मी उडवलं होतं.

प्रमुखांना दाखवलं तर म्हणाले, "अगं, आता सगळे समुद्रात पडतायत ना? मग झालं." मी म्हटलं, सर, वहीतला मूळ आकडा वेगळ्या रकान्यात ठेवू या. डार्विन कोअर या जीवनोंदींच्या प्रमाणित रकान्यांच्या यादीत त्यासाठी 'व्हर्बेटिम लॅटिट्यूड' हा रकाना आहेच. त्यांना तो फुकटचा व्याप वाटला. त्या दिवशी मी गप्प बसले. आज बसणार नाही: मूळ आकडा न ठेवता डेटा 'साफ' करणं म्हणजे पुरावा पुसणं. पुढच्या माणसाला चूक सापडली तरी दुरुस्त करता येत नाही.

तेव्हा तुम्ही बिंदू गाळण्याआधी तो तिथे का पडला ते विचारा. अंश-मिनिटांचा घोळ? अक्षांश-रेखांशांची अदलाबदल? दक्षिण किंवा पश्चिमेचं उणे चिन्ह राहिलं? बिंदू 0, 0 वर, आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात असेल तर तिथे रिकामा रकाना शून्य धरला गेलाय. एकाच संचातले पाच बिंदू चुकले असतील तर त्या संचातल्या पाण्यातल्या बिंदूंवरही विश्वास ठेवू नका.

नावांचंही बघा. 2014 मध्ये हम्पबॅक डॉल्फिनच्या चार प्रजाती मानल्या गेल्या. त्याआधीच्या नोंदीत सूसा चायनेन्सिस हे शास्त्रीय नाव लिहिलेला प्राणी आज सूसा प्लंबिया असू शकतो.

दशांशांची ही युक्ती हाताने भरलेल्या जुन्या नोंदींसाठी आहे. जीपीएसवरून थेट आलेल्या नोंदींत ही चूक सहसा नसते, आणि प्राण्याचा वावरच चिमुकल्या पट्ट्यात असेल तर दशांश तसेही एकाच जागी गोळा होतात. शिवाय जमिनीवरचा प्रत्येक बिंदू चूक नसतो. किनाऱ्याची रेषा ढोबळ असेल तर खाडीच्या मुखाशी पोहणारा डॉल्फिनही जमिनीवर दिसतो.

ज्या संचात दशांश .59 ला थांबतात त्याच्या मालकांना पत्र लिहा आणि मूळ वही मागा. ती येईपर्यंत तो संच नकाशाबाहेर ठेवा, पाण्यातल्या बिंदूंसकट.