वॉर्डात लागलेले जुलाब

प्रश्न : माझा ११ महिन्यांचा मुलगा न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल होता. चौथ्या दिवशी खोकला उतरला आणि उलट्या, ताप, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. आता तो बरा आहे. सासूबाई म्हणतात, माझं दूध बाधलं. नर्स म्हणाल्या, अँटिबायोटिकमुळे झालं. नेमकं कशाने?

उत्तर : ताई, दुधाचा दोष मनातून काढून टाका. जुलाबातही अंगावरचं दूध चालूच ठेवायचं असतं.

दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांनी जुलाब लागले, की आम्हा बालरोगतज्ज्ञांना पहिला संशय वॉर्डाचाच येतो. उलट्या, ताप आणि पातळ पाण्यासारखी शी, हे बहुतेकदा रोटाव्हायरसचं किंवा नोरोव्हायरसचं काम. रोटाव्हायरसची लक्षणं साधारण १ ते ३ दिवसांत दिसतात, म्हणजे तुमचा चौथा दिवस त्यात बसतो. शी तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही, पण उपचार तेच असल्याने दर वेळी ती तपासत नाहीत.

राउंडवर मी नेहमी पाहते. शेजारच्या खाटेवरची आई लंगोट बदलते, खाटेचा कठडा वर करते आणि तुमच्या बाळाचा खाली पडलेला खुळखुळा मायेने उचलून देते. एवढ्यानेही विषाणू पोचतो. कठड्यावर, खेळण्यावर तो कित्येक दिवस टिकतो आणि जुलाब लागायच्या आधीपासूनच शीतून बाहेर पडू लागतो. आम्ही डॉक्टर, नर्ससुद्धा हातांवरून तो या खाटेवरून त्या खाटेवर नेऊ शकतो. म्हणून ‘हात धुतलेत का?’ असं आम्हाला बेधडक विचारा. आम्हाला राग येता कामा नये. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा भरवशाचा नाही, साबण आणि पाणीच हवं.

अँटिबायोटिकनेही पोट बिघडतं, पण त्यात सहसा ताप-उलट्या नसतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू त्यासाठी बदनाम आहे खरा, मात्र वर्षाच्या आतल्या कितीतरी बाळांच्या आतड्यात तो काही त्रास न देता राहतो. त्यामुळे या वयात नुसत्या रिपोर्टवरून त्याला दोषी धरत नाहीत.

पुन्हा असं झालं तर ओआरएस थोडं थोडं, चमच्याने पाजत राहा. सोबत झिंक, या वयाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. शीमध्ये रक्त दिसलं तर शिगेलासारखा जंतू असू शकतो, मग मात्र अँटिबायोटिक लागू शकतं. रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.